माळाचा मळा कधी होतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. खटाव तालुक्यात वडिलोपार्जित ३ एकर १० गुंठे जमीन आहे. आजोबा गेल्यापासून, म्हणजे अठरा वर्षं, तिला नांगर लागलेला नाही. विचारणारे पुण्यात नोकरी करतात. चाळीस आंबे, दहा शेळ्या आणि दोन खोल्यांचं घर एवढं त्यांच्या मनात आहे. जमिनीचा दलाल म्हणतो, "फार्म तयारच आहे, फक्त गेट बसवा. खर्च काढायला अकरा-अकरा गुंठ्यांचे दोन तुकडे विका." चुलते म्हणतात, "तो माळ आहे, त्याला शेत कोण म्हणतं?" मग जमिनीचं शेत नेमकं कशानं होतं, सातबाऱ्यानं की नांगरानं? आणि ते ठरवतं कोण?

मी चौतीस वर्षं महसूल खात्यात काढली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि आता माणदेशात स्वतःच्या चार एकरांत राबतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. माझं मत चुलत्यांच्या बाजूनं आहे, हे आधीच सांगून टाकतो. जमीन शेतीची असणं वेगळं आणि तिचं शेत असणं वेगळं. पहिलं कागदावर असतं. दुसरं वहिवाटीनं होतं, म्हणजे दर हंगामाला कुणीतरी तिथं जाऊन काहीतरी करतं म्हणून होतं. ते जाणं-येणं थांबलं की शेत परत माळाच्या वाटेला लागतं. अठरा वर्षांत तुमचं बरंचसं लागलंही असेल.

आपल्या भाषेनं हा फरक कायद्याच्या कितीतरी आधी करून ठेवलाय. माळ म्हणजे उघडी, उंचावरची, मुरमाड जागा. पड म्हणजे जी एके काळी पिकत होती आणि आता पिकत नाही. पिकत्या जमिनीला आमच्याकडं रान म्हणतात, विदर्भ-खानदेशात वावर म्हणतात. मळा म्हटलं की विहीर आली, बागायत आली आणि बहुतेकदा तिथंच राहतं घर आलं. कोकणात भाताचं खाचर निराळं, डोंगरउताराचं वरकस निराळं, नारळी-पोफळीची वाडी निराळी. गोव्यात पोफळीच्या बागेला कुळागर म्हणतात. यातला एकही शब्द जमीन कुणाची ते सांगत नाही. तिथं काय चालतं ते सांगतो. तुमचे चुलते 'माळ' म्हणाले तेव्हा त्यांनी तुमचा हक्क नाकारला नाही, जमिनीची आजची अवस्था सांगितली. राग धरू नका.

आता कागद. सातबारा हा एक उतारा दिसतो, पण तो दोन नमुन्यांचा आहे. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, किती, कोणत्या भूधारणेची, तिच्यावर कुणाचे इतर अधिकार. गाव नमुना बारा सांगतो त्यात कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात काय पिकलं, किती पड राहिलं, पाणी कशाचं. लोक वरचा अर्धा भिंगातून वाचतात आणि खालच्याकडं बघतही नाहीत. तुमचा उतारा काढा आणि खालून वर वाचा. बाराच्या रकान्यात अठरा वर्षं 'पड' असेल तर तो शेत नसल्याचा पुरावा नव्हे, पण शेत असल्याचाही नव्हे. वरच्या भागात अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद आधी करून घ्या. वारसानं आलेला हक्क तीन महिन्यांत कळवायचा असतो. अठरा वर्षं कुणी कळवलं नसेल तर तुम्ही पहिले नाही, शेवटचेही नाही.

खालच्या अर्ध्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, हे मी पापाची कबुली म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या सजात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत, बारा गावांचं दप्तर होतं आणि एक सायकल. पीकपाहणी बांधावर जाऊन करायची असते, पण त्या काळी बऱ्याच ठिकाणी ती चावडीत बसून, कोतवालाला विचारून व्हायची. एका गटाला मी आधीच्या तलाठ्याचं बघून ओळीनं 'ज्वारी' लिहीत गेलो. तिसऱ्या वर्षी कशावरून तरी तिथं जायची वेळ आली. बघतो तर रानात दगडाची खाण. खोल, पाण्यानं भरलेली, पोरं पोहत होती. कागदावर तेव्हाही ज्वारी डोलत होती. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकरी आपल्या फोनवरून, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून नोंद करू लागला. त्यात त्रुटी आहेत, पण माझ्यासारख्याचं चावडीतलं पीक त्यामुळं संपलं.

कायदा शेती कशाला म्हणतो, ते बघू. पश्चिम महाराष्ट्राला १९४८चा कूळकायदा लागू आहे. मराठवाड्याला १९५०चा हैदराबादचा आणि विदर्भाला १९५८चा वेगळा आहे. १९४८च्या कायद्यातली शेतीची व्याख्या मला फार आवडते, कारण ती लिहिणाऱ्याच्या पायाला चिखल लागलेला होता असं वाटतं. तिच्यात पीक येतं, फळबाग येते, भाजीपाला येतो, गवतही येतं. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीवर गुरं चारणं येतं. आणि राब येतो! कोकणात, मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा, शेणी, फांद्या पसरून जाळतात, तो राब. त्याचा कवळ, म्हणजे फांद्या-पाला, तोडायला जी वरकस जमीन राखून ठेवतात तिच्यात धान्याचा दाणा पिकत नाही, तरी कायद्यानं तिला शेती धरलं. का? तर ती खालच्या खाचराच्या कामाला जोडलेली आहे. ती जमीन स्वतः काय देते यापेक्षा ती कुठल्या कामाचा भाग आहे, हे तिथं मोजलं गेलं.

त्याच व्याख्येत काय वगळलं तेही पाहा. नुसती लाकूडतोड शेती नाही. दूधधंदा, कोंबडीपालन, जनावरांची पैदास आणि स्वतःच्या शेतीतली गुरं सोडून इतर चराई यांना कायदा 'जोडधंदे' म्हणतो, शेती म्हणत नाही. म्हणजे तुमच्या दहा शेळ्या आंब्याखालचं गवत खाऊन त्याच रानात लेंड्या टाकत असतील तर त्या शेताचा भाग. आंबे, पीक काही नाही, पत्र्याची शेड आणि विकत आणलेला चारा, तर तो धंदा. चांगला धंदा असेल, पण तेवढ्यानं जमिनीचं शेत होत नाही. आयकरातही साधारण हीच रेघ आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ साली सहस रॉय प्रकरणात सांगितलं की शेतीचं उत्पन्न म्हणायचं तर आधी जमिनीवर मूळ काम झालं पाहिजे, म्हणजे नांगरणी, पेरणी, लावण असं. आपोआप उगवलेलं जंगल विकून आलेला पैसा शेतीचा नव्हे. दूध आणि अंडी यांचं उत्पन्नही शेतीउत्पन्न म्हणून माफ होत नाही, हे शेळीपालनाची स्वप्नं बघणारे हमखास विसरतात.

जाता जाता 'रँच'चं सांगतो, कारण दलाल मंडळी हल्ली हाही शब्द वापरतात. अमेरिकेत रँच म्हणजे मोठ्या चराऊ रानावर गुरं पाळणं. तिथलं कृषी खातं १९७४पासून शेताची व्याख्या विक्रीवरून करतं. वर्षाला १,००० डॉलरचा शेतमाल जिथून विकला गेला किंवा एरवी विकला गेला असता, ते फार्म. आपली कृषी गणना वेगळ्या वाटेनं जाते. ती विक्रीही विचारत नाही आणि मालकीही. पूर्ण किंवा काही भाग शेतीसाठी वापरात असलेली आणि एकाच्या हातून एक घटक म्हणून चालवली जाणारी जमीन म्हणजे एक वहिती धारण. नाव कुणाचं, आकार केवढा, तुकडे कुठं, याला महत्त्व नाही. २०१५-१६च्या गणनेत देशाची सरासरी धारणा १.०८ हेक्टर होती. तुमचे ३ एकर १० गुंठे म्हणजे साधारण १ हेक्टर ३१ आर. तेव्हा 'एवढ्याशा जमिनीत काय होतंय' हे कारण तुम्हाला उपलब्ध नाही. चालवतं कोण, हाच प्रश्न उरतो.

कूळकायद्यात त्याचंही उत्तर आहे. शेतकरी म्हणजे जमीन 'जातीनं कसणारा'. जातीनं म्हणजे जातपात नव्हे, स्वतः. स्वतःच्या अंगमेहनतीनं, घरातल्या माणसांच्या मेहनतीनं किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजुरांकडून. मजुरी रोख द्या, धान्यात द्या, पण पिकाचा वाटा म्हणून द्याल तर ते जातीनं कसणं होत नाही. पुण्यात राहून देखरेख होते का? आठवड्याला जात असाल, काय पेरायचं ते तुम्ही ठरवत असाल, मजुरी तुम्ही देत असाल, तर होते. दिवाळीला एकदा जाऊन फोटो काढत असाल तर तुमचं तुम्ही ठरवा.

अठरा वर्षं पड का राहिली, याचा माझा अंदाज सांगतो. गावात कुणीतरी 'अर्धेलीनं (निम्म्या वाट्यानं) देता का' म्हणून विचारलं असेल आणि घरातून उत्तर गेलं असेल, 'नको, कूळ लागेल', म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल. कसणारी कुळं कायद्यानं मालक ठरली तो १ एप्रिल १९५७चा कृषक दिन होऊन इतकी वर्षं झाली, पण ती भीती तिसऱ्या पिढीत उतरलीय. भीती अगदीच बिनबुडाची नाही, म्हणून तोंडी वाट्यानं देऊ नका. पण त्या भीतीपायी हजारो एकर चांगली जमीन काट्यांना देऊन टाकली लोकांनी. त्याच कायद्याच्या ६५व्या कलमात सलग दोन वर्षं धारकाच्या कसुरीनं पड राहिलेली जमीन चौकशी करून सरकार व्यवस्थापनाखाली घेऊ शकतं, असंही आहे. माझ्या नोकरीत ते कलम मी कुणावर चालवलेलं पाहिलं नाही. तरी कायद्याचा कल कुठं आहे ते त्यावरून कळतं.

न्यायालयांचाही कल तोच. हैदराबादला बेगमपेठ पॅलेस म्हणून १०८ एकरांची जागा होती. तिथं विहिरी होत्या, जमीन पिकू शकत होती, पण पिकवली कुणी नव्हती. संपत्तीकरासाठी ती शेतजमीन धरायची का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७६ साली न्यायालयानं सांगितलं की नुसती पिकण्याजोगी असणं पुरेसं नाही. शेतीशी तिचा प्रत्यक्ष संबंध दाखवावा लागेल. दुसरं प्रकरण सुरतेचं. महसुली दप्तरात जमीन शेतीची होती, पण विक्रीच्या आधी चार वर्षं कसणं बंद होतं, बिगरशेतीची परवानगी काढलेली होती आणि ती चौरस वाराच्या भावानं गृहसंस्थेला विकली होती. १९९३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही शेतजमीन नव्हे. सातबाऱ्यासारख्या नोंदीला वजन आहे, पण शेवटचा शब्द तिचा नाही. दलालाला हे सांगून बघा, तो विषय बदलेल.

मात्र कागदाला हलक्यात घेणाऱ्यांचंही माझ्याशी पटत नाही. दोन तुकडे विकायची कल्पना सोडा. २०२३च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे ठरवलंय. तुमची जमीन जिरायत. अकरा गुंठे हा तिचा बेकायदा तुकडा. अकराचा आकडा बाजारात एवढा का फिरतो, तर तो दहाच्या वर जातो म्हणून. मग विहीर नसलेल्या माळालाही दलाल तोंडानं बागायत करून टाकतो. शिवाय घेणारा शेतकरी नसेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही. असे तुकडे घेतलेले लोक माझ्याकडं नोटरीचा कागद घेऊन यायचे. पैसे दिलेले, गेट बसवलेलं, नावाची पाटी लावलेली आणि सातबाऱ्यावर नाव काही चढत नाही. निवृत्त शिक्षक, लष्करातून आलेले. त्यांना 'नाही' म्हणताना माझीच मान खाली जायची. तुकडेबंदीचे नियम हल्ली वरचेवर बदलतात, विशेषतः शहरालगतचे. व्यवहाराच्या दिवशीचा नियम वकिलाकडून बघून घ्या.

घराचं त्यामानानं सोपं आहे. जमीन महसूल संहितेत शेतघराची व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण ठेवायला, पीक साठवायला, गुरं बांधायला, धारकाच्या घरच्या किंवा गड्याच्या राहण्याला आणि कसण्याच्या व्यवस्थेचा भाग म्हणून लागेल त्याला बांधलेलं ते शेतघर. क्रम बघा. आधी अवजारं, मग पीक, मग गुरं, मग माणूस. शहरांच्या आसपास राहत्या शेतघराला किमान ४० आर, म्हणजे साधारण एकरभर जमीन लागते. तेवढी तुमच्याकडं आहेच. तुमच्या गावाला कोणती परवानगी लागते ते तहसील कचेरीत विचारा. पण तेच घर शनिवार-रविवारी पार्ट्यांना भाड्यानं द्यायला लागलात, तर ते कसण्याच्या व्यवस्थेतून बाहेर पडलं आणि बिगरशेती वापराची नोटीस आली तर ती योग्यच आली असं समजा.

इथवर कचेरीचं झालं. आता रानात चला, कारण खरी परीक्षा तिथं आहे.

पहार आणि टिकाव घ्या. जमिनीच्या वरच्या अंगाला, मध्यभागी आणि खालच्या अंगाला असे तीन खड्डे घ्या. माती किती खोल आणि मुरूम कुठं लागतो ते बघा. हा माझा शोध नाही. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी भीमेकाठच्या इंदापुरात जमिनीची जी पाहणी सुरू केली, तिच्यातून पुढं मुंबई इलाख्याची सारापद्धत उभी राहिली. तिचा पाया म्हणजे खणून बघणं. मातीची खोली हातात मोजायची, पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत. वर रंग आणि पोत बघायचा. मग खडे, वाळू, उतार, पाणी साठणं, पाण्यानं धुपणं असे दोष लावून प्रतवारी खाली आणायची. एकूण नऊ प्रती, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. तुमच्या सातबाऱ्यावर जो रुपया-दोन रुपयांचा 'आकार', म्हणजे सारा, दिसतो आणि ज्याला सगळे हसतात, त्याच्या मुळाशी कुणीतरी खरोखर मारलेली कुदळ आहे. आकार शेजाऱ्यापेक्षा फारच कमी असेल तर जुन्या माणसांनी तुमची जमीन हलकी ठरवली होती, एवढा निरोप त्यातून घ्या.

उताऱ्यावर पोटखराबाही बघा. ज्या भागात खडक, नाला, टेकाड म्हणून लागवड होत नाही तो पोटखराबा. त्यातला 'अ' प्रकारचा भाग शेतकऱ्यानं मेहनत करून लागवडीखाली आणला असेल तर तो लागवडयोग्य म्हणून नोंदवून घ्यायची सोय २०१८पासून झाली. कागदाला वहिवाटीच्या मागं यावं लागतं, याचं याहून साधं उदाहरण मला माहीत नाही.

खड्ड्यात हातभर माती लागली तर ज्वारी-बाजरी-तूर होईल. वीतभरच लागली तर नांगराच्या नादी लागू नका. तिथं झाड किंवा गवत. आपल्याकडं गवताला शेती म्हणायला लोक लाजतात, ते मला पटत नाही. मारवेल, पवन्या, शेडा अशी गवतं उभी असतील तर ते रान जिवंत आहे. ते कापून, राखून, शेळ्यांना घालून त्यावर चांगलं घर चालतं. नुसतं कुसळच कुसळ माजलं असेल तर ते चरून चरून दमलंय. दोन पावसाळे चराई बंद करा आणि काय उगवतं ते बघा. उन्हाळ्यात धनगराची मेंढरं चार रात्री बसवा. त्याला पैसे किंवा धान्य द्यावं लागेल, घासाघीस करू नका. ट्रॉलीभर विकतच्या खतापेक्षा ते स्वस्त आणि जागच्या जागी.

आंब्याचं गणित असं. पारंपरिक १० बाय १० मीटरवर एकरात चाळीसच झाडं बसतात. म्हणजे तुमचे चाळीस आंबे एक एकर घेणार आणि सव्वादोन एकर उरणार. त्या सव्वादोन एकरांत काय करायचं ते तुम्ही प्रश्नात लिहिलंच नाही! सगळे असेच असतात. आंबा, घर, झोपाळा; बाकीचं रान चित्राच्या चौकटीबाहेर. ते उरलेलंच शेत आहे. हलक्या जमिनीत आंबा होतो का? खड्डा नीट घेतला, तर होतो. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० साली आली आणि कोकणातल्या किती वरकस उतारांवर आंबा-काजू उभे राहिले ते सगळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडं आंब्यापेक्षा सीताफळ, बोर, आवळा जास्त इमानी. दहा आंबे घरच्यासाठी लावा आणि बाकी सीताफळ, हे माझं मत.

पाण्याला लोक उगाच घाबरतात आणि उगाच बोअर मारतात. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तरी तुमच्या रानावर पासष्ट लाख लिटर पाणी पडतं. चाळीस रोपांना उन्हाळ्यात आठवड्याला वीस-वीस लिटर दिलं तर सोळा आठवड्यांत तेरा हजार लिटरही लागत नाही. दहा हजारांचा टँकर म्हटलं तर सव्वा टँकर. अडचण पडण्याची नाही, थांबण्याची आहे. म्हणून पहिला खर्च बांधाचा. अठरा वर्षांत बांध फुटले असतील, ताली ढासळल्या असतील. उताराला आडवे बांध घालून घ्या. गेटचे पैसे तिथं घाला.

रस्ता आहे ना? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. अठरा वर्षं बैलगाडी गेली नाही की वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याच्या नांगराखाली जातो. तोही मुद्दाम करत नाही, दर वर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, इकडं सरकतो एवढंच. जुना रस्ता अडवला असेल तर १९०६च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली, आणि मुळात रस्ताच नसेल तर संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदारांकडं अर्ज करता येतो. अर्ज करायच्या आधी शेजाऱ्याच्या ओट्यावर चहा प्या. चौतीस वर्षांत रस्त्याचे जेवढे वाद मी मिटलेले पाहिले, त्यातले निम्मे तरी निकालानं मिटलेले नव्हते.

आणि राखण. रानडुक्कर, मोकाट जनावरं, तोडीला आलेलं सीताफळ नेणारी पोरं. शेतात रोज कुणाचा तरी पाय पडला पाहिजे. तो तुमचा असेल असं मी म्हणत नाही. वस्तीवरच्या एखाद्या जोडप्याला महिन्याची रोख मजुरी ठरवून द्या, लिहून ठेवा, पावती घ्या. शेळ्या पहिल्या वर्षी आणू नका. शेळी आणि आंब्याचं रोप एकाच रानात ठेवायचं तर मध्ये कुंपण किंवा रोज हजर माणूस लागतो, आणि तुमच्याकडं सध्या दोन्ही नाही. तिसऱ्या वर्षी आणा, तीनच आणा.

पहिल्या वर्षाचा क्रम मी असा ठेवला असता. उन्हाळ्यात वारसनोंद आणि मोजणी. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कचेरीत जातो. त्याला वेळ लागतो म्हणून आधी टाका. मग बाभळी-घाणेरी काढणं, बांध. मृगाला जिथं हातभर माती आहे तेवढ्याच तुकड्यात बाजरी आणि तूर, बाकीचं गवताला. उत्पन्न फार येणार नाही, पहिल्या वर्षी बियाणं निघालं तरी खूश राहा. तूर उभी असताना रानात जाऊन ई-पीक पाहणीची नोंद करा, म्हणजे अठरा वर्षांची पड मोडल्याचं बाराच्या रकान्यात येईल. पुढच्या वर्षी झाडं.

मोजणीच्या दिवशी चुलत्यांना हाताला धरून घेऊन जा. जुने हद्दीचे दगड कुठं पुरलेत, पाणी कुठून उतरायचं, आजोबा खालच्या अंगाला मटकी का पेरायचे, हे त्यांना ठाऊक आहे आणि ते कुठल्याही नमुन्यात लिहिलेलं नाही. ते 'माळ आहे माळ' म्हणत राहतील, म्हणू द्या. जाताना त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. मोजणीदार सकाळची वेळ देतो आणि बारा वाजता येतो.